सहावर कोण?

१

आमच्या क्लबात एक नियम आहे. तो मीच केलाय, त्यामुळे कोणी मोडला की माझं डोकं फिरतं. पत्र्याच्या शेडच्या दाराशी एक फळी टांगली आहे. फळीवर तार, आणि तारेला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, एक ते आठ नंबरचे. ज्याला ड्रोन उडवायचं असेल त्याने आपल्या चॅनलचा चिमटा काढून खिशाला लावायचा आणि मगच हातातल्या सेटचं, म्हणजे रिमोटचं, बटण दाबायचं. चिमटा जागेवर नसेल तर त्या चॅनलवर कोणाचं तरी ड्रोन हवेत आहे, तेव्हा हात मागे. चिमटा असला तरी एकदा ओरडून विचारायचं, "तीनवर कोण?" उत्तर आलं नाही तर चालू करायचं. इतकं सोपं आहे. पण आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर आहेत, बँकेतल्या मॅडम आहेत, एक निवृत्त मास्तर आहेत, आणि शिकलेल्या माणसांना साधी गोष्ट सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दर रविवारी कोणीतरी चिमटा खिशाला लावूनच घरी जातो.

मी सगळ्यांच्या आधी, सात वाजता पोचतो. लॅपटॉपला छोटा रिसीव्हर जोडतो आणि आमच्या आठ चॅनलांवर कुठे किती गोंगाट आहे ते बघतो. उडणारं ड्रोन खाली सारखं कळवत असतं: मी इतक्या उंचीवर, बॅटरी इतकी, तोंड अमुक दिशेला, अंग इतकं कललेलं. याला टेलिमेट्री म्हणतात. त्याच चॅनलवरून आपले हुकूम वर जातात. दोघांची सरमिसळ झाली की ड्रोनला कोणाचं ऐकायचं ते कळेनासं होतं. म्हणून आधी बघायचं, कुठे शांत आहे, आणि मग वाटणी करायची. हे काम मी गेली नऊ वर्षं करतोय आणि कोणी कधी आभार मानलेले मला आठवत नाहीत.

सगळ्यात स्वच्छ चॅनल सहा. शेजारच्या कारखान्याचं गेट, मोबाईलचा मनोरा, कोणाच्या घरची बिनतारी बेल, यातलं काही सहावर येत नाही. तो चॅनल दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. क्लब दोघांनी काढला, पण तो मोठा, म्हणून चांगलं ते त्याचं. चौदा महिन्यांपूर्वी तो मैदानाच्या टोकाला असलेल्या जुन्या दगडखाणीत बुडून गेला. ड्रोन खाणीतल्या पाण्यात पडलं, ते काढायला उतरला, पाय घसरला. ड्रोन काही सापडलं नाही. तेव्हापासून सहा नंबर मी कोणाला देत नाही.

त्या रविवारी लॅपटॉपवरच्या आलेखात सहावर एक टेकाड उभं होतं.

"सहावर कोण?" मी ओरडलो.

डॉक्टर थर्मास उघडत होते. "कोण असणार? तुम्हीच तर कोणाला बसू देत नाही त्यावर."

"मग सेट कोणाचा चालू आहे?"

मास्तरांनी दोन्ही हात वर केले. मॅडम तर अजून गाडीतून उतरल्याही नव्हत्या. कारखान्याने काहीतरी नवीन बसवलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि वहीत लिहिलं, 'सहा: बारीक गोंगाट.' जरा वेळाने नीट पाहिलं. ते टेकाड सेकंदाला चार वेळा उठत होतं आणि बसत होतं, घड्याळ लावल्यासारखं. गोंगाट असा शिस्तीत वागत नाही. मी 'गोंगाट' खोडलं, पण त्याच्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही.

२

आमचं घर दुमजली. खाली दादा-वहिनी, म्हणजे आता एकट्या वहिनी, आणि वर मी. मी लग्न केलं नाही. खरं तर माझ्याशी कोणी केलं नाही, स्वभावामुळे. दुपारचं जेवण मी खाली वहिनींकडे जेवतो. माझी तब्येत बरी नसली तर त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताट ठेवून हाक मारतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, तीन वर्षांत त्या वर आलेल्या नाहीत.

त्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "भावजी, बॅटरी अर्धी भरलेली असती तरी पडलं असतं का हो ते?"

हा प्रश्न दर दोन-चार दिवसांनी वेगळा कपडा घालून येतो. मागच्या आठवड्यात होता, बटण दहा मिनिटं बंद राहिलं तर किती फरक पडतो. त्याच्या आधी, चार्जरचा दिवा लाल असताना काढली तर काय होतं. झालं होतं असं, की त्या सकाळी दादाची बॅटरी चार्जिंगला होती. वहिनींना इस्त्री करायची होती म्हणून त्यांनी चार्जरचं बटण बंद केलं. परत चालू केलं की नाही, हे त्यांना आठवत नाही. तेवढंच. तेवढ्यावर ती बाई चौदा महिने झोपलेली नाही. इस्त्रीला हात लावत नाहीत, चुरगळलेल्या कपड्यांत फिरतात. गॅसचं बटण दहादा तपासतात. शाळेत गणित शिकवायच्या, ती नोकरी सोडली. "माझ्यावर आता कशाचा भरवसा ठेवायचा?" म्हणाल्या. जेवण तर चिमणीएवढं.

"थोडा फरक पडतो, वहिनी," मी म्हटलं. "पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

माझं हे वाक्य किती नीच आहे, हे मला कळतं. कारण खरं काय झालं ते मला माहीत आहे, आणि मला एकट्यालाच.

बुधवार होता. मैदानावर आम्ही दोघंच. मी दादाला म्हटलं, आज मला सहा दे, नवीन ड्रोन तपासायचंय. तो म्हणाला, सातमध्ये काय वाईट आहे? आणि चिमटा खिशाला लावून खाणीकडे निघून गेला. त्याचा डावा पाय लहानपणापासून आखूड, एक पाऊल जोरात आणि एक हलकं टाकत चालायचा. मी शेडमध्ये धुसफुसत बसलो. सातवर कारखान्याच्या गेटची खरखर. वीस मिनिटांनी मी बाहेर डोकावलो. ड्रोन दिसेना, आवाज येईना. उतरवलं असेल, असं मी धरून चाललो. तारेवर सहाचा चिमटा नव्हता, हे मी पाहिलं. ओरडून विचारलं नाही. अर्ध्या मिनिटाचं तर काम होतं.

सेट आणि ड्रोन एकमेकांना एका खुणेच्या नंबरावरून ओळखतात. तो ज्याचा त्याने वेगळा ठेवायचा असतो. आम्ही दोघांनी सुरुवातीला एकच सेट वापरला होता, म्हणून दोघांची खूण एकच राहिली. बदलू, बदलू करत आठ वर्षं गेली. घरचंच तर आहे, कोण चोरणार? मी सहावर सेट चालू केला, तेव्हा त्यावरची वेगाची दांडी खाली होती. दांडी खाली म्हणजे पंखे बंद. दादाचं ड्रोन तेव्हा खाणीवर होतं. त्याला वाटलं, मालकाचाच हुकूम आहे, आणि त्याने पंखे थांबवले.

दादाला पाण्यातून वर आणलं तेव्हा लोक विचारत होते, कसं काय पडलं ड्रोन? माझ्या तोंडून निघून गेलं, "बॅटरी गेली असणार." वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, आणि का पडला ते मला संध्याकाळी कळलं. तेव्हा बोलता आलं असतं. महिन्याभराने बोलणं अवघड झालं, आणि वर्षाने तर, झाकली मूठ म्हणतात ना, ती उघडायला बोटंच राहिली नाहीत. मी पोटात ठेवलं आणि वहिनींनी खांद्यावर घेतलं. सोय माझी झाली.

३

मंगळवारी सकाळी मी एकटाच मैदानावर गेलो. कशाला गेलो? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला फक्त खात्री करायची होती की ते टेकाड कारखान्याचं आहे.

शेडमध्ये बसलो, रिसीव्हर लावला. टेकाड होतंच. या वेळी मी टेलिमेट्रीचा प्रोग्राम उघडला आणि सहा नंबर लावला. अनोळखी कोणाचं असतं तर आकड्यांचा नुसता चिवडा दिसला असता, कारण खूण जुळत नाही. पण पडदा लगेच भरला. आमच्या खुणेवरच येत होतं ते.

पहिल्यांदा नजर गेली बॅटरीवर. १६.८. त्या बॅटरीत यापेक्षा जास्त मावतच नाही. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. मग उंची पाहिली. ड्रोन जिथून उडतं ती जमीन शून्य धरतात. आकडा होता उणे अकरा.

खाण अकरा मीटर खोल आहे. शोधकाम करणाऱ्यांनी सांगितलं होतं.

पडद्यावर एक गोल असतो, वर निळा, खाली तपकिरी. आभाळ आणि जमीन. ड्रोन कललं की तो कलतो. माझ्या पडद्यावर निळं खाली होतं. उलटं पडलेलं होतं काहीतरी.

आता मी काही अडाणी माणूस नाही. तीस वर्षं बंदरावर बिनतारी संदेशाच्या खोलीत काढली आहेत. पाण्याखालून असा रेडिओ येत नाही, हे मी इतरांना शिकवतो. चौदा महिने बॅटरी टिकत नाही, भरलेली तर नाहीच नाही. म्हणजे कोणीतरी थट्टा करतंय. आमच्या जुन्या उड्डाणांच्या नोंदी कोणाच्या तरी लॅपटॉपवर असतील, त्यावरून बनवून सोडतंय. डॉक्टर? त्यांना साधी वायर जोडता येत नाही. मास्तर? तो बिचारा देवमाणूस. मी एकेकाचं नाव घेऊन काट मारत होतो आणि तेवढ्यात तो गोल हलला. सावकाश फिरला, निळं वर, तपकिरी खाली. कोणीतरी हातात घेऊन ते सरळ केल्यासारखा. मग थांबला.

मी शेडबाहेर आलो. खाण तिथून दोनशे पावलांवर आहे. काठापर्यंत जाऊन बघायला काय हरकत होती? पाणी बघितलं असतं, कोणी नाही हे दिसलं असतं, विषय संपला असता. मी गेलो नाही. सामान आवरून घरी आलो आणि वहिनींनी विचारलं, एवढ्या लवकर, तर म्हटलं, डोकं दुखतंय.

४

रविवारी पुन्हा गेलो, कारण न जाण्याचं कारण काय सांगणार? सात वाजता रिसीव्हर लावला. उणे सात होतं. अर्ध्या तासाने उणे चार. मी पडद्यावर फडकं टाकून बाकीच्यांची वाटणी केली. डॉक्टरांना दोन, मॅडमना तीन, मास्तरांना पाच. एक नवीन सभासद आला होता, टायरचं दुकान आहे त्याचं, माणूस मोकळा आणि नको तितका चौकस. त्याला आठ दिला.

जरा पाठ वळली तर त्याने फडकं उचललेलं. "काका, हे कोणाचं आहे हो?"

"कोणाचं नाही. जुनं काहीतरी आहे."

"जुनं कसं? चालतंय की." तो वाकून बघत होता. उंची आता शून्य होती. गोल डोलत होता, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. "उडत नाहीये हे. कोणीतरी हातात धरून चालतंय. बघा ना, पाऊल टाकलं की कलतंय." त्याने बोटाने टेबलावर ठेका धरला, एक जोरात, एक हलका. "गडी लंगडतोय वाटतं."

त्याला दादा माहीत नव्हता. इतर तिघांना होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मास्तरांनी स्वतःच्या पायांकडे. मॅडम म्हणाल्या, आज वारा फार आहे, नको उडवायला, आणि दहा मिनिटांत मैदान रिकामं झालं. वाऱ्याचं नाव नव्हतं.

एकटा उरल्यावर मला भीती नाही, राग आला. खरं सांगतो, राग. मेल्यावरसुद्धा चांगला चॅनल याचाच! मनात काय आलं कोण जाणे, मी माझा सेट काढला, सहावर लावला, दांडी पूर्ण खाली ओढली आणि बटण दाबलं. गेल्या वेळी चुकून केलं होतं. या वेळी मुद्दाम केलं. पडू दे ते जे काय आहे ते.

गोल डोलायचा थांबला.

पडला नाही, नुसता थांबला, चालता माणूस हाक ऐकून थांबतो तसा. मग दिशेचा काटा फिरायला लागला. खाणीकडून शेड बरोबर ईशान्येला आहे. काटा फिरत फिरत ईशान्येवर आला आणि स्थिर झाला. शेडच्या त्या बाजूला पत्रा आहे, खिडकी नाही. पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत. एका भोकाला डोळा लावला असता तर दिसलं असतं.

मी सेट बंद केला. बटण दोनदा चुकलं. पडद्यावर बॅटरी १६.८ होती. गोल पुन्हा डोलू लागला, एक जोरात, एक हलका.

५

चार दिवस मी रिसीव्हरला हात लावला नाही. घर मैदानापासून सहा किलोमीटर, आणि आमचा रेडिओ फार तर दीड किलोमीटर पोचतो. म्हणजे घरात काही दिसणारच नाही, असा माझा साधा हिशोब. गुरुवारी दुपारी जेवून वर आलो आणि तो हिशोब बरोबर आहे ना, एवढंच बघायला म्हणून लॅपटॉप उघडला. न बघता राहवेना. जिभेला दुखरा दात सापडतो तसं झालं होतं.

सहावर टेकाड होतं. पुढचे तीन तास मी खोलीबाहेर पडलो नाही.

आधी ते बारीक होतं, मग वाढत गेलं. काटा पूर्वेला, म्हणजे हमरस्ता. मग दक्षिणेला वळला, म्हणजे पाण्याची टाकी. टाकीनंतर चढ आहे, आकडा वर सरकला. घाई नाही, विश्रांती नाही. मी खिडकी उघडून रस्त्यावर बघितलं. टळटळीत ऊन, कुलूप लावलेली दुकानं, एक सायकलवाला. काटा पश्चिमेला वळला. ही आमची गल्ली.

मी खिडकी लावून घेतली. खिडकीतून सरळ फाटक दिसतं. पडद्यावर बघायचं की खिडकीतून, यातलं मी एक निवडलं. माणसाने कशाला घाबरावं याची काही रीत नसते.

फाटक वाजलं नाही. अंगणात पालापाचोळा आहे, तोही वाजला नाही. पण आकडा एका पायरीएवढा वर चढला, अठरा सेंटिमीटर. मग आणखी अठरा. आमच्या दाराला दोनच पायऱ्या आहेत.

मग तो थोडा खाली आला आणि स्थिरावला. टेबलाच्या उंचीवर. गोल सपाट झाला, आभाळ वर, जमीन खाली. ठेवलं होतं कोणीतरी.

मी कान देऊन ऐकू लागलो. खालचा नळ बंद झाला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग वहिनींचा आवाज, हळू, शब्द कळत नव्हते. फोनवर बोलत असतील, मी म्हटलं. त्यांच्या बहिणीचा फोन येतो गुरुवारी. मधे मधे त्या थांबत, माणूस समोरच्याचं ऐकताना थांबतो तशा. फोनवरही थांबतातच की. एकदा त्या रडल्या. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि उत्तर आलं असावं, कारण त्या एकदम मोठ्याने "काय?" म्हणाल्या.

खाली जाऊन बघायला काय झालं होतं मला? सतरा पायऱ्या. "वहिनी, कोण आलंय?" एवढं वरूनही विचारता आलं असतं. आयुष्यभर लोकांना ओरडून विचारायला शिकवलं मी.

पाऊण तास गेला. मग पडद्यावरचा गोल हलला. टेबलावरून उचललं. आकडा वाढू लागला, अठरा, थांबा, अठरा, थांबा.

जिना.

मी उठून दाराला कडी घातली आणि दाराकडे पाठ करून उभा राहिलो. चढणं फार सावकाश होतं. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची. हे लंगडणं नव्हतं, त्याच्यासारखं नव्हतंच, पण मला तेव्हा कुठे विचार सुचतोय? आता पावलंही ऐकू येत होती, आणि त्यांच्या मागोमाग थेंब पडल्याचा आवाज. नऊ पायऱ्या. वळणावर एक मोठा श्वास. आठ पायऱ्या.

६

"भावजी."

वहिनींचा आवाज. फार बरं वाटलं. हसूच फुटलं. तीन वर्षांत वर न आलेली ही बाई आज कशी आली, हे डोक्यात आलंच नाही. 'वहिनीच आहेत,' एवढंच आलं.

"काय हो वहिनी? कशाला चढलात? हाक मारायची."

"एक विचारायचं होतं." दम लागला होता त्यांना. "शेवटचं विचारते, परत नाही विचारणार. ती बॅटरीच होती ना? माझ्यामुळेच पडलं ना ते?"

दार बंद होतं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, माझा त्यांना दिसत नव्हता. यापेक्षा सोपी संधी कोणाला मिळत नसेल. एक शब्द पुरला असता. नाही. नाही वहिनी. पण जीभ चौदा महिने ज्या वाटेने गेली होती त्याच वाटेने गेली.

"हो वहिनी," मी म्हटलं. "बॅटरीच. पण आता किती दिवस उगाळणार ते?"

मग त्या म्हणाल्या, "दार उघडा."

मी उघडलं. वहिनी दोन्ही हातांत ड्रोन धरून उभ्या होत्या. दादाचंच. एक पंखा मोडलेला, सगळ्या अंगाला हिरवट गाळ, आणि पोटातून पाण्याची धार त्यांच्या कपड्यांवरून पायांवर. बॅटरीवरचे चारही दिवे हिरवे लागलेले होते. वहिनींचे कपडे कडक इस्त्रीचे होते. मी आधी ते पाहिलं आणि मग त्यांचे डोळे पाहिले.

"ते म्हणाले होते, तो असंच सांगेल," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, नाही हो, भावजी तसे नाहीत. मी विचारते तर खरं."

"वहिनी, मी—"

"चौदा महिने, भावजी. मी तुमच्यासमोर बसून जेवत होते."

जिन्यावर गाळाचा वास भरला होता. वळणाच्या खाली, बैठकीच्या दारातून टेबलाचं एक टोक दिसतं. टेबलाखाली दोन पाय होते. बूट घातलेले, भिजलेले. एक जमिनीवर टेकलेला, दुसऱ्याची टाच अधांतरी, जमिनीपर्यंत न पोचणारी. त्याच्या वर मी पाहिलं नाही.

"ते म्हणतात, सोडून दे," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका शांतपणा मी कधी ऐकला नव्हता. "म्हणतात, जाऊ दे, लहान आहे तो. मी खूप वेळ ऐकून घेतलं त्यांचं."

त्यांनी ड्रोन माझ्या हातांत दिलं. बर्फासारखं गार होतं आणि आत काहीतरी बारीक थरथरत होतं.

"मी नाही सोडणार, भावजी. चला खाली."

त्या वळल्या आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. खाली खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.